एकतीस मार्चची माणसे

मार्च महिना लागला की मला अजून पहाटे चारला जाग येते. बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षे उलटली, घरात ना लेजर उरले ना शिक्के. पण अडतीस वर्षे अंगवळणी पडलेले शरीर इतक्या सहजासहजी ऐकत नाही. बायको कूस बदलून म्हणते, "झोपा आता. तुमचं टार्गेट दुसरं कुणीतरी पुरं करतंय."

ती म्हणते ते खरे आहे. दुसरे कुणीतरी ते पुरे करीत असतेच. कसे करते, ते आज सांगायचे आहे. थोडे बँकेविषयी, थोडे सोलापूरविषयी, आणि थोडे माझ्या स्वतःच्या सहीविषयी.

टार्गेट कसले? तर अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जाचे. बँकेने दिलेल्या दर शंभर रुपयांतले चाळीस रुपये शेती, लहान उद्योग, गरिबांची घरे, शिक्षण अशा ठरावीक कामांना गेले पाहिजेत, असा आपल्याकडे नियम आहे. त्यातले अठरा शेतीला. या अठरांतले दहा अल्प व अत्यल्प भूधारकांना. साडेसात सूक्ष्म उद्योगांना. बारा दुर्बल घटकांना. हे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. एकाच बाईला दिलेले शेळीचे कर्ज शेतीतही मोजता येते आणि दुर्बल घटकातही. बँकेतल्या माणसाला हे हिशेब झोपेतही येतात.

रिझर्व्ह बँकेने या नियमांची नवी आवृत्ती काढली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती मुख्यतः घरकर्जाची मर्यादा वाढल्याची. आमचे सोलापूर २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर थांबले, म्हणून दहा लाखांखालच्या गावांच्या रकान्यात बसते. तिथे आता पस्तीस लाखांपर्यंतचे घरकर्ज अग्रक्रमाचे. म्हणजे जुळे सोलापुरात एखाद्या प्राध्यापकाने घेतलेला फ्लॅट आणि मंगळवेढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पीककर्ज हे दोन्ही त्या मोठ्या चाळीसात शेजारी शेजारी बसणार. प्राध्यापकांवर माझा राग नाही. माझे दोन व्याही प्राध्यापकच आहेत. पण 'अग्रक्रम' या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा आम्हाला काही वेगळाच वाटला होता.

तो अर्थ आमच्याच मातीतून निघाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे पेटवली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत झाले; पण त्यानंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी कायदा आला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर अशा चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती होती हे पाहण्याचा अधिकार मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे अवघड झाले. सावकारांनी काय केले? गहाणखत सोडून सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कायद्याने सावकाराचा हात धरला, पण शेतकऱ्यापुढे दुसरा हात कुणी केला नाही. तो हात पुढे करावा म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि वेडरबर्नसाहेबांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते. लंडनने नकार दिला.

पुढे १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी झाली. शेतकऱ्याला लागणाऱ्या कर्जातले सुमारे सत्तर टक्के सावकाराकडून, सहकारी संस्थांकडून तीन टक्के, आणि व्यापारी बँकांकडून एक टक्कासुद्धा नाही. त्या पाहणी समितीवर धनंजयराव गाडगीळ होते. गाडगिळांचे आणि सोलापूरचे नाते जुने. गोखले संस्थेतर्फे त्यांनी या शहराची घरोघर जाऊन पाहणी करून घेतली होती आणि १९६५ साली त्यावर पुस्तक निघाले. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात बँकांच्या ८२६२ शाखा होत्या आणि त्यांतल्या ग्रामीण भागात अवघ्या १८३३. त्याच वर्षी गाडगिळांच्या अभ्यासगटाने सुचवले की एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी. तीच अग्रणी बँक योजना. सोलापूर बँक ऑफ इंडियाच्या वाट्याला आले.

गाडगिळांच्या डोक्यात जागा होती, जिल्हा होता, गाव होते. पुढे कारभार जसजसा वाढला तसतशी जागा मागे पडली आणि टक्का पुढे आला. १९७४ साली सांगितले गेले की १९७९ पर्यंत कर्जाचा एकतृतीयांश भाग अग्रक्रमाला द्या. १९८० साली चाळीस टक्के ठरले. तो चाळीसचा आकडा आजतागायत हललेला नाही. १९९१ साली नरसिंहम समितीने तो दहावर आणा, असे सुचवले होते. सरकारने ऐकले नाही, हे बरेच झाले. आकडा तोच राहिला, आत काय भरायचे ते मात्र बदलत गेले.

मी बँकेत लागलो १९८२ साली, क्लार्क म्हणून. तो एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा काळ. म्हशींचा काळ म्हटले तरी चालेल. पंचायत समितीकडून याद्या येत, सरकारचे अनुदान, बँकेचे कर्ज आणि त्यावर एक म्हैस. अक्कलकोट तालुक्यात एका शाखेत असताना मी म्हशी इतक्या पाहिल्या की बाजारात गेलो तर दोन-चार ओळखीच्या भेटत. एकच म्हैस तीन कर्जदारांबरोबर फोटोला उभी राहिलेली मी पाहिली आहे. म्हैस मेली की विम्यासाठी बिल्ल्यासकट कान आणून दाखवावा लागे; कागदात गुंडाळलेला कान टेबलावर ठेवून एक म्हातारे आजोबा कन्नडमध्ये रडत होते, आणि मला कन्नड येत नव्हते. शिपायाने भाषांतर केले. म्हैस खरोखरीची होती आणि खरोखरीच मेली होती.

त्या योजनेची पुढे पुष्कळ टिंगल झाली. मीही केली, माझ्या एका कादंबरीत एक आख्खे प्रकरण म्हशींवर आहे. पण एक गोष्ट त्या वेळी घडत होती. बँकेचा माणूस गावात जात होता. जावेच लागे. १९७७ ते १९९० या काळात, बँक असलेल्या गावात एक नवी शाखा उघडायची तर बँक नसलेल्या गावांत चार उघडाव्या लागत. १९८९ पासून तर प्रत्येक गाव कुठल्या ना कुठल्या शाखेच्या नावे लिहून दिले होते. माझ्या शाखेकडे अशी अठरा गावे होती. त्यातली सोळा मी सायकलवरून आणि एसटीने पाहिली. दोन राहिली ती राहिलीच.

नंतर माझी बदली शहरात झाली, पूर्व भागातल्या शाखेत. ज्यांना सोलापूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पूर्व भाग म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती, यंत्रमाग, चादरी, टॉवेल, आणि घराघरांतून सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. पुरुष मागावर, बाई विडीवर. एकेक करून कापडगिरण्या बंद पडत गेल्या तसा विडीचा संसार आणखी बायकांच्या अंगावर आला. आमच्या काउंटरवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा चालत आणि चारही भाषांत एकच प्रश्न विचारला जाई: "जामीन कोण?"

त्या शाखेत मी अधिकारी असताना एक विडीकामगार बाई आल्या. नवऱ्याची गिरणी सुटलेली. मुलगी शाळेच्या गणवेशांचे शिवणकाम दुसऱ्याच्या मशिनवर करीत होती. या धंद्यात सोलापूरचे नाव आहे. त्यांना घरी दोन मशिने घ्यायची होती. सहा हजार रुपये. १९७२ पासून आपल्याकडे एक योजना आहे, अत्यंत गरिबाला चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची; त्या काळी साडेसहा हजारांपर्यंत मिळत. बँकेने आदल्या वर्षीच्या एकूण कर्जाच्या एक टक्का एवढे अशा कर्जांत घातले पाहिजेत. बाईंचा अर्ज त्यात चपखल बसत होता. विडीचे कार्ड होते, फंडाची चिठ्ठी होती.

मी त्यांना म्हणालो, "यंदाचा कोटा संपला. एप्रिलमध्ये या."

कोटा संपला नव्हता. खरे कारण असे की सहा हजारांच्या कर्जाला जेवढे कागद लागतात तेवढेच सहा लाखांच्या कर्जाला लागतात, आणि मार्चमध्ये मला सहा हजारांत रस नव्हता. विभागीय कार्यालयातून रोज फोन येत होते. शेतीत कमी पडतोय, काहीही करा. तेव्हा मी एका कापड व्यापाऱ्याला फोन केला. त्यांची बार्शीकडे वडिलार्जित जमीन होती. घरातले दागिने तारण ठेवून, सोबत सातबारा जोडून, २९ मार्चला त्यांना 'शेतीसाठी' सोनेतारण कर्ज दिले. पैसे दुकानात गेले हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि मला फोन करणाऱ्यांनाही ठाऊक. कागदावर ते शेतीकर्ज होते. खाली माझी सही होती. वरून शाबासकीचे पत्र आले.

बाई एप्रिलमध्ये आल्या, मे महिन्यात आल्या. तिसऱ्यांदा मी रजेवर होतो. परत आल्या नाहीत. त्यांनी कुठून तरी पैसे उभे केले असणार. भिशीतून म्हणा, सावकाराकडून म्हणा. त्या काळी पूर्व भागात महिन्याला दहा टक्क्यांनी पैसे सहज मिळत.

हे सारे मी पश्चात्तापाच्या सुरात सांगत नाही. तेवढा मी संत नाही. सांगायचे ते एवढ्यासाठी की, नियम मोडला नव्हता. चाळीस टक्के पुरे झाले होते, अठरा टक्के पुरे झाले होते. जी बाई डोळ्यांपुढे ठेवून नियम केला होता तेवढी मात्र त्यात नव्हती.

आता माझ्यासारख्याला एवढी धावाधाव करावी लागत नाही. सोय झाली आहे. एप्रिल २०१६ पासून अग्रक्रम कर्जाची प्रमाणपत्रे निघाली. ज्या बँकेने लहान शेतकऱ्यांना जास्त कर्ज दिले ती आपले जास्तीचे श्रेय विकते. जिचे कमी पडले ती ते विकत घेते. कर्ज जिथल्या तिथे, जोखीम जिथल्या तिथे, फक्त श्रेय इकडून तिकडे जाते. पंचवीस लाखांच्या पटीत सौदा, संगणकावर. आणि गंमत पाहा, सगळी प्रमाणपत्रे ३१ मार्चला मरतात. मी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला पुण्य विकत घेण्याच्या गोष्टी आठवल्या. पण न्यायाने बोलायचे तर कल्पना अगदीच वाईट नाही. गरिबाला कर्ज देणे ज्या बँकेला जमते तिला त्याचे चार पैसे मिळतात. प्रमाणपत्र न घेणाऱ्या आणि तरी कमी पडणाऱ्या बँकेने तेवढी रक्कम नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीत भरायची. तो १९९५ पासून आहे. त्यातून रस्ते होतात, पूल होतात, बंधारे होतात. चांगलेच आहे. मात्र पुलाला शिवणयंत्राचा हप्ता भरावा लागत नाही.

शेतीकर्जाची व्याख्याही अशीच पसरत गेली. गोदामे, शीतगृहे, अन्नप्रक्रिया, सारे काही तीत आले; शंभर कोटींची कर्जेही शेतीत मोजली जातात. टाटा समाजविज्ञान संस्थेचे आर. रामकुमार यांनी दाखवून दिले आहे की महाराष्ट्रातल्या शेतीकर्जाचा फार मोठा भाग शहरांतल्या आणि महानगरांतल्या शाखांमधून वाटला जातो. मुंबईत ज्वारी कुठे पिकते, असा प्रश्न आमच्या मोहोळच्या शेतकऱ्याने विचारला तर त्याला काय उत्तर द्यायचे?

अमेरिकेत या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले गेले. तिथे १९३० च्या दशकात शहरांच्या नकाशांवर वस्त्यांना रंग दिले होते. काळ्यांच्या, गरिबांच्या वस्त्या लाल रंगाच्या. तिथे घरकर्ज धोक्याचे. त्यावर उपाय म्हणून १९७७ साली कायदा झाला. त्यात टक्का नाही, कोटा नाही. ज्या वस्तीतून ठेवी घेता त्या वस्तीची कर्जाची गरज तुम्ही भागवता का, एवढेच तपासतात आणि बँकेला शेरा देतात. शेरा वाईट असेल तर नव्या शाखांना, विलीनीकरणाला अडचण. मोबाइलवर बँक आल्यावर 'वस्ती' म्हणजे काय हा प्रश्न आला, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तो नियम नव्याने लिहिला. बँकांच्या संघटना कोर्टात गेल्या, मार्च २०२४ मध्ये स्थगिती मिळाली, आणि २०२५ साली नियामकांनीच तो मागे घेऊन जुनाच ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे त्यांच्याकडे जागा आहे, टक्का नाही. आमच्याकडे टक्का आहे, जागा नाही.

अगदी नाही असे मात्र आता म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१-२२ पासून जिल्ह्यांना वजन दिले आहे. ज्या जिल्ह्यात दरडोई अग्रक्रम कर्ज फार कमी, तिथे नव्याने दिलेले शंभर रुपये सव्वाशे मोजायचे. जिथे फार जास्त, तिथले शंभर नव्वद. ही मर्यादा २०२४-२५ पासून खाली दरडोई नऊ हजार आणि वर बेचाळीस हजार अशी आहे. माझ्या मते चाळीस टक्के ठरल्यानंतर या नियमांत झालेली ही सर्वांत चांगली दुरुस्ती. गाडगीळ असते तर त्यांनी मान डोलावली असती.

फक्त एक अडचण आहे. जिल्हा ही फार मोठी गोष्ट असते. आमच्या जिल्ह्यात अकरा तालुके. उजनीचे पाणी, माळशिरस-पंढरपूरचा ऊस, साखर कारखाने, सांगोल्याची डाळिंबे. या सगळ्यांच्या कर्जाची बेरीज करून लोकसंख्येने भागले की जो आकडा येतो, तो मालक, बागायतदार आणि विडी वळणारी बाई यांना सारखाच वाटून दिला जातो. सरासरीने नदी ओलांडता येत नाही, हे शाळेत शिकवतात. अडतीस वर्षांच्या नोकरीत तिमाही बैठकांना मी कितीदा तरी गेलो. कलेक्टरसाहेब अध्यक्ष, समोर तक्ते, तालुकानिहाय, बँकनिहाय. शहरातल्या कुठल्या पेठेत, कुठल्या झोपडपट्टीत किती कर्ज गेले हा आकडा मला एकदाही कुणी विचारला नाही. मीही कधी सांगितला नाही. खरे तर काढणे अवघड नाही. प्रत्येक खात्याला पत्ता असतो, पत्त्याला पिनकोड असतो.

आणि दुसरी अडचण मोठी आहे. बँक आता बाईकडे जात नाही. बँक कंपनीला कर्ज देते आणि कंपनी बाईकडे जाते. सूक्ष्म वित्त कंपनीला पुढे वाटण्यासाठी दिलेले कर्ज अग्रक्रमातच धरले जाते. एप्रिल २०२२ पासून अशा कर्जाच्या व्याजावरची मर्यादाही उठली आहे. वर्षाचे तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज द्यायचे आणि सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ द्यायचे नाहीत, एवढे बंधन आहे. आमच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा आज शाखा व्यवस्थापक आहे. त्याच्याशी माझा यावरून वाद होतो. तो म्हणतो, "सर, शाखेत आम्ही चौघे. दारोदार जाऊन आठवड्याचा हप्ता कोण आणणार? त्या कंपन्या नसत्या तर त्या बायका पुन्हा दहा टक्केवाल्याकडे गेल्या असत्या." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी जी बाई परत पाठवली तिला एखादी कंपनी भेटली असती तर मशिने त्याच आठवड्यात घरी आली असती. महिन्याला दहा टक्के आणि वर्षाला चोवीस टक्के यांत फार मोठे अंतर आहे, हे मलाही कळते.

पण मग बँकेला शंभरातले शंभर श्रेय का? चार टक्क्यांची योजना कागदावर अजून जिवंत आहे. तिच्यातून दिलेला रुपया आणि चोवीस टक्क्यांनी बाईपर्यंत पोचलेला रुपया हे दोन्ही एकाच मापाने मोजले, तर कुठला व्यवस्थापक पहिल्याच्या वाटेला जाईल? जिल्ह्याला वजन देता येते तर व्याजालाही देता येईल. बाईच्या हातात स्वस्त पडलेल्या शंभराचे सव्वाशे मोजा, महाग पडलेल्याचे साठ मोजा. मला कुणी विचारले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गेल्या फेब्रुवारीत कुंभारीला गेलो होतो. विडी कामगार बायांनी वर्षानुवर्षे झगडून तिथे घरकुले उभी करवून घेतली. दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली, आणि पलीकडे रे नगर, ज्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. एका वाचनालयाच्या कार्यक्रमानंतर एक बाई थांबल्या. "तुम्ही बँकेत हुता म्हने," असे म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कार्डे काढली. तीन कंपन्यांची, तीन रंगांची. एक सोमवारचे, एक बुधवारचे, एक पंधरवड्याचे. तिन्ही बेरजा करून सांगा म्हणाल्या. मी केल्या. हप्ते महिन्याच्या विडीच्या मजुरीच्या निम्म्याच्या पुढे जात होते. मुलगा रिक्षा चालवतो, त्याच्यावर घर चालते.

"हे तिन्ही मिटवून तुमच्या बँकेचं येकच करून मिळंल का?"

मी तिथूनच त्या मुलाला, म्हणजे व्यवस्थापकाला, फोन लावला. त्याने प्रामाणिकपणे ऐकून घेतले. स्कोअर विचारला, एखादा हप्ता चुकलाय का विचारले. चुकला होता, दिवाळीत. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. मग तो म्हणाला, "सर, मार्च होऊन जाऊ द्या. एप्रिलमध्ये पाठवा त्यांना."

मी फोन ठेवला. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले, तिन्ही कार्डे पुन्हा पिशवीत घातली, पिशवीला रबर लावला आणि विचारले, "च्या घेनार का सायेब?"